क्लास १०१ 'मेट-कॅम': ब्रिटनच्या जुन्या डिझेल पॅसेंजरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीचा. लोकलमध्ये लटकून मोठा झालेला माणूस, त्यामुळे रेल्वेचं वेड घरातूनच. २००३ साली कंपनीच्या कामासाठी मँचेस्टरला होतो तेव्हा एका खडखडणाऱ्या म्हाताऱ्या गाडीच्या प्रेमात पडलो, आणि तेव्हापासून कोणी विचारलं की सुटतोच. भाचे विचारतात, ऑफिसातले विचारतात, बायको विचारत नाही (तिला पाठ आहे). तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

क्लास १०१ म्हणजे नक्की काय प्रकरण आहे?

ब्रिटिश रेल्वेची डिझेल मल्टिपल युनिट, म्हणजे डीएमयू. वेगळं इंजिन पुढे लावायचं नाही, डब्यांच्या पोटाखालीच डिझेल इंजिनं, आणि दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन. बर्मिंगहॅमच्या मेट्रो-कॅमेल कंपनीने १९५६ ते १९५९ या काळात या गाड्या बांधल्या, म्हणून तिथले शौकीन हिला 'मेट-कॅम' म्हणतात. दोन डबे, तीन डबे, कधी चार, असे छोटे छोटे सेट. शाखा मार्गांवर, खेड्यापाड्यांत, शहराच्या आसपास सगळीकडे धावली. एका डब्याची लांबी ५७ फूट, म्हणजे साधारण साडेसतरा मीटर, आणि कमाल वेग ताशी ७० मैल, आपल्या हिशोबात ११२ किलोमीटरच्या आसपास. कागदावर. प्रत्यक्षात ७० ला पोचली की अख्खा डबा असा थरथरायचा की चहाचा कप हातात धरून बसावं लागायचं.

म्हणजे आपली लोकलच की, फक्त डिझेलवर?

कल्पना तीच. लोकलला वरून वायरीतून वीज मिळते आणि चाकांपाशी मोटर असते, इथे वीज नाही, डब्याखाली इंजिन घरघरतंय आणि ते सरळ चाक फिरवतंय. फायदा मात्र दोघींचा एकच. शेवटच्या स्टेशनवर पोचलं की ड्रायव्हरने बॅग उचलायची, प्लॅटफॉर्मवरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जायचं आणि गाडी उलटी निघाली. वाफेच्या इंजिनाला हे जमत नाही. ते गाडीपासून सोडवायचं, बाजूच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला लावायचं, पाणी भरायचं, कोळसा बघायचा, शिवाय सकाळी निघायच्या कितीतरी तास आधी कोणीतरी उठून आग पेटवलेली असायला हवी. फायरमन लागतो तो वेगळाच. डीएमयूला ड्रायव्हर आणि गार्ड, संपलं.

बनवायची वेळ का आली?

पैसा. युद्धानंतर ब्रिटनची रेल्वे खिळखिळी झाली होती, १९४८ ला सरकारने सगळ्या कंपन्या ताब्यात घेतल्या, आणि लोक हळूहळू बस आणि स्वतःच्या गाडीकडे वळत होते. १९५५ मध्ये मोठा आधुनिकीकरणाचा आराखडा आला, १२४ कोटी पौंडांचा, त्यात वाफ घालवून डिझेल आणि वीज आणायची असं ठरलं. छोट्या मार्गांसाठी डीएमयू हव्या होत्या आणि त्या पटापट हव्या होत्या, रेल्वेच्या स्वतःच्या कारखान्यांना एवढं काम झेपणारं नव्हतं, म्हणून बाहेरच्या बऱ्याच कंपन्यांना ऑर्डरी वाटल्या. त्यातून जी खिचडी झाली ती वेगळी सांगतो. या पहिल्या पिढीत सगळे मिळून चार हजारांच्या आसपास डबे बनले, आणि मेट-कॅम त्यातली सगळ्यात यशस्वी म्हणायला हरकत नाही.

हीच पहिली डिझेल पॅसेंजर का?

नाही नाही. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९३३ मध्येच एकट्या डब्याची डिझेल रेलकार आणली होती, तोंड गोलसर, अंगाने गुळगुळीत, लोक 'उडतं केळं' म्हणायचे. १९४२ पर्यंत अशा ३८ बनल्या. त्यात बसवलेलं इंजिन एईसी कंपनीचं, आणि एईसी म्हणजे लंडनच्या लाल बसवाली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग १९५४ मध्ये रेल्वेच्याच डर्बी कारखान्यातून 'डर्बी लाइटवेट' आली, अ‍ॅल्युमिनियमची हलकी बॉडी, लीड्स-ब्रॅडफर्ड भागात आधी चालवली, पाठोपाठ वेस्ट कंबरलंडमध्ये. लोकांना फार आवडली कारण स्वच्छ, धूर नाही, मोठ्या खिडक्या, आणि तिकिटं चांगली खपायला लागली. मेट्रो-कॅमेलनेही १९५५ पासून आपली एक हलकी गाडी बनवली होती, क्लास १०१ ही तिची पुढची, जरा दणकट बहीण. म्हणजे मान पहिलीचा नाही, टिकण्याचा आहे.

आपल्या मुंबईशी काही संबंध?

आहे! मला हा प्रश्न फार आवडतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गावर आपली पहिली विजेची लोकल धावली, त्या सुरुवातीच्या गाड्या पुरवणाऱ्यांत इंग्लंडची कॅमेल लेअर्ड ही कंपनी होती. या कॅमेल लेअर्डचा डबे बांधायचा धंदा १९२९ मध्ये मेट्रोपॉलिटन नावाच्या दुसऱ्या डबेवाल्यांच्या धंद्यात विलीन झाला, आणि जी नवी कंपनी झाली तीच मेट्रो-कॅमेल. म्हणजे डोंबिवलीकराने मँचेस्टरला जाऊन या गाडीशी नातं जोडणं तितकंसं वेडेपणाचं नाही, लांबची आत्या लागते ती.

इंजिन कुठे असतं? केवढं असतं?

डब्याच्या खाली, आडवं झोपवलेलं. सहा सिलिंडर. एका मोटर डब्याखाली अशी दोन इंजिनं, प्रत्येक १५० हॉर्सपॉवरचं, म्हणजे डब्याला ३००. बहुतेकांत एईसीचं ११.३ लिटरचं, काहींत लेलँड ६८०. दोन्ही कंपन्या बस आणि ट्रकवाल्या. तुम्ही एसटीने फिरला असाल तर लेलँड हे नाव सांगायला नकोच, १९५५ मध्ये इंग्लंडच्या लेलँड मोटर्सवाल्यांनी मद्रासच्या अशोक मोटर्समध्ये भागीदारी घेतली आणि अशोक लेलँड झालं, तेच घराणं.

सरळ सांगायचं तर ही गाडी म्हणजे रुळांवर चढवलेली बस आहे. मी हे टोमणा म्हणून म्हणत नाहीये. बसचे पार्ट हजारोंनी बनायचे, स्वस्त मिळायचे, ते दुरुस्त करणारे मेकॅनिक गावोगाव होते, आणि एक इंजिन रुसलं तर दुसऱ्यावर कसंबसं घरी पोचता यायचं. रेल्वेसाठी वेगळं महागडं इंजिन डिझाइन करत बसले असते तर पाच वर्षं त्यातच गेली असती.

खरंच रेल्वेगाडीला गियर होते? थट्टा करताय का?

नाही हो. चार गियर, आणि ड्रायव्हर हाताने टाकायचा. मला स्वतःला हे कळलं तेव्हा दोन दिवस झोप नाही.

झालंय असं की डिझेल इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेण्याचे तीन रस्ते आहेत. एक, इंजिनाने जनरेटर फिरवायचा, वीज काढायची आणि विजेच्या मोटरने चाक फिरवायचं (आपले बहुतेक डिझेल लोको असेच). दोन, तेलाच्या प्रवाहाने. तीन, सरळ यांत्रिक, बस-ट्रकसारखं, गियरबॉक्स आणि शाफ्ट. मेट-कॅमने तिसरा रस्ता घेतला कारण तो सगळ्यात स्वस्त आणि हलका.

इंजिनाला लागून क्लचच्या जागी फ्लुइड फ्लायव्हील, म्हणजे एका बंद भांड्यात तेल, एका बाजूचा पंखा तेल ढवळतो आणि त्या ढवळण्याने दुसऱ्या बाजूचा पंखा फिरतो, मध्ये कुठे धातू धातूला चिकटलेला नाही, त्यामुळे गाडी उभी असताना इंजिन बंद पडत नाही आणि निघताना हिसका बसत नाही. मग शाफ्ट, मग विल्सन गियरबॉक्स. हा विल्सन म्हणजे वॉल्टर विल्सन, पहिल्या महायुद्धात रणगाडा बनवणाऱ्या दोघा-तिघांपैकी एक, तोच माणूस! त्याच्या गियरबॉक्समध्ये दात एकमेकांत सतत अडकलेलेच असतात, कुठली चक्रं धरून ठेवायची आणि कुठली मोकळी सोडायची एवढंच बदलतं, आणि ते धरून ठेवायचं काम दाबाच्या हवेवर चालतं. तिथून कार्डन शाफ्ट (सांधे असलेला फिरता दांडा) बोगीकडे (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा गाडा), आणि तिथे एका आसाला फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकं फिरवणारी शेवटची दातेरी चक्रं. दोन इंजिनं, दोन बोगी, प्रत्येक बोगीतला एकच आस ओढणारा.

आता केबिनमध्ये बघा. एका हाताला थ्रॉटल (म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर), दुसऱ्या बाजूला गियरचा दांडा. पहिल्यात टाकायची, थ्रॉटल उघडायचा, ताशी १५ मैलांच्या आसपास थ्रॉटल बंद, एक क्षण थांबायचं, दुसरा टाकायचा, परत थ्रॉटल. सत्तावीस-अठ्ठावीसला तिसरा, चाळीस ओलांडली की चौथा. मध्ये फ्रीव्हील असतं, सायकलसारखं, म्हणून थ्रॉटल सोडला की गाडी आपली आपण घरंगळत राहते, इंजिन तिला मागे खेचत नाही. आणि मजा म्हणजे दोन गाड्या जोडून चालवल्या तर पुढच्या केबिनमधल्या एका दांड्यावर मागच्या सगळ्या डब्यांचे गियर एकदम बदलायचे, विजेच्या वायरी आणि हवेच्या झडपांवर. सगळी इंजिनं एका सुरात गप्प व्हायची आणि एका सुरात परत हुंकार भरायची. तो आवाज ज्याने ऐकला त्याला समजावून सांगावं लागत नाही, ज्याने नाही ऐकला त्याला सांगून उपयोग नाही, घाटात जुनी एसटी चढते तेव्हा ड्रायव्हर गियर बदलताना जो एक श्वास घेतल्यासारखा गॅप येतो ना, तसं काहीतरी, फक्त चार इंजिनांचं.

उलटं जायचं असेल तर? रिव्हर्स गियर वेगळा नाहीच. फायनल ड्राइव्हमध्येच दिशा बदलते, म्हणून उलट्या दिशेलाही चारही गियर मिळतात. गाडी पूर्ण उभी असल्याशिवाय मात्र दिशा बदलायची नाही, नाहीतर खालून जो आवाज येईल त्याचं बिल मोठं असतं.

कुठलीही डीएमयू कुठल्याही डीएमयूला जोडता यायची का?

इथे ती खिचडी. प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने कंट्रोलच्या वायरी ओढल्या, मग चुकीच्या दोन गाड्या जोडल्या तर एकीचा गियर तिसऱ्यात आणि दुसरीला काही पत्ताच नाही, असा प्रकार. म्हणून डब्यांच्या तोंडावर खुणा रंगवल्या. लाल त्रिकोण म्हणजे पहिल्या डर्बी लाइटवेट, पिवळा डायमंड म्हणजे त्यानंतरच्या काही लाइटवेट, पांढरा गोल आणि नारिंगी चांदणी आणखी वेगळ्या. मेट-कॅमची खूण निळा चौकोन, आणि हा निळा चौकोनच पुढे स्टँडर्ड झाला, बाकीच्या बहुतेक कंपन्यांच्या गाड्याही त्याच पद्धतीच्या. गाड्या जोडणाऱ्या शंटिंगवाल्याला इंजिनिअरिंग कळायची गरज नाही, चौकोनाला चौकोन जोडायचा. माझ्या मते या गाड्या एवढ्या टिकण्यामागचं एक मोठं कारण हा निळा चौकोन आहे, कारण जी गाडी कुणाशीही जुळते तिला कुठल्याही डेपोत काम मिळतं. लाल त्रिकोण आणि पिवळा डायमंडवाल्या बिचाऱ्या १९६० च्या दशकातच भंगारात गेल्या.

आत बसायला कशी होती?

आता खरं सांगतो, लोक या गाडीच्या प्रेमात पडले ते गियरमुळे नाही, खिडकीमुळे. ड्रायव्हरच्या केबिनची मागची भिंत काचेची! म्हणजे पुढच्या डब्यात पहिल्या रांगेत बसलं की ड्रायव्हरच्या खांद्यावरून समोरचे रूळ, सिग्नल, बोगदे, पूल, सगळं दिसायचं. वाफेच्या जमान्यात प्रवाशाने हे कधी बघितलंच नव्हतं, त्याला फक्त बाजूचं शेत आणि डोळ्यात कोळशाची भुकटी. पोरंटोरं त्या सीटसाठी धावायची, आणि मोठी माणसं सहज चालत आल्यासारखं दाखवत तीच सीट गाठायची. काही ड्रायव्हर मात्र रात्री पडदा ओढून घ्यायचे, मागच्या दिव्यांचा उजेड समोरच्या काचेवर पडतो म्हणून. दिवसाही पडदा ओढणारे होते, त्यांना मी मनातल्या मनात काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही.

बाकी आतमध्ये लांब हॉल, दोन्ही बाजूंना गुबगुबीत सीट, वरच्या सरकत्या खिडक्या, दारं हाताने आपटून लावायची. सुरुवातीला थोडा भाग फर्स्ट क्लासचा असायचा. संडास प्रत्येक डब्यात नाही, ज्या डब्यात गार्ड आणि सामानाची जागा असते त्यात तर नाहीच, म्हणून लांबच्या प्रवासाला कुठल्या डब्यात चढताय हे बघून चढायचं.

थंडीत हीटर चालायचा का?

कधी कधी. वाफेची गाडी असली की इंजिनातली वाफच डब्यात सोडता येते, इथे तशी सोय नाही, म्हणून प्रत्येक डब्याखाली वेगळा डिझेल जाळणारा हीटर लावलेला. तो पेटला तर पायाखाली भट्टी, आणि नाही पेटला तर तुम्ही आणि इंग्लंडचा जानेवारी. मधली अवस्था मी तरी अनुभवली नाही. आणि त्याबरोबर जळक्या डिझेलचा हलकासा वास, जो काहींना अजून आठवला की डोळ्यात पाणी येतं. वासामुळे नाही, आठवणीने.

तोंडावर त्या मिशा कशाच्या?

हिरव्या रंगाच्या जुन्या फोटोंत दिसतात त्या ना? मधून खाली येऊन दोन्हीकडे पसरणाऱ्या फिक्या रेघा. शोभेच्या आणि थोड्या सावधानतेच्या, वेग सुचवायला. मग रेल्वेच्या लक्षात आलं की डीएमयू वाफेच्या गाडीपेक्षा गुपचूप येते, रुळांवर काम करणाऱ्या गँगमनला कळतच नाही, म्हणून १९६० च्या सुरुवातीला तोंडावर पिवळा चौकोन रंगवायला लागले आणि दशक संपता संपता अख्खं तोंडच पिवळं. तोपर्यंत हिरवा जाऊन सगळीकडे निळा रंग आला होता. १९७० च्या दशकाच्या मध्यावर गाड्या डागडुजी करून काढल्या तेव्हा पांढऱ्या अंगावर निळा पट्टा, तो दिसायला झकास होता पण रोज धुवायला लागतो हे बहुतेक कोणी विचारलंच नव्हतं, दोन आठवड्यांत करडा. पुढे निळा-करडा, स्कॉटलंडात ग्लासगोकडे नारिंगी, असे बरेच कपडे बदलले.

१०१, १०२, १११ यात फरक काय?

बॉडी तीच. एईसी इंजिन असेल तर १०१, लेलँड असेल तर १०२, पण हा भेद पुढे कोणी पाळला नाही आणि सगळ्यांना १०१ च म्हणायला लागले. १११ मध्ये रोल्स-रॉईसचं १८० हॉर्सपॉवरचं इंजिन, चढाच्या मार्गांसाठी. बाहेरून बघून ओळखणं अवघड. नाव रोल्स-रॉईस म्हणून हुरळून जाऊ नका, डब्यात गाद्या त्याच.

डब्यांचे नंबर मध्येच बदललेले का दिसतात?

मूळ मोटर डब्यांचे नंबर ५० हजार आणि ५१ हजारांच्या घरात, आणि केबिन असलेल्या पण इंजिन नसलेल्या डब्यांचे ५६ हजारांत. नंतर लोकोंना पाच आकडी नंबर द्यायची पद्धत आली, त्यात क्लास ५० आणि क्लास ५६ चे लोको आले, आणि कॉम्प्युटरमध्ये डबा आणि लोको यांची गल्लत व्हायला लागली. म्हणून १९८३ मध्ये ५० वाल्यांना ५३ आणि ५६ वाल्यांना ५४ केलं. जुने फोटो जुळवताना हे माहीत नसलं की माणूस वेडा होतो, मी झालोय.

या गाड्यांमुळे खेड्यातले मार्ग वाचले का?

काही वाचले. पण सगळे नाही, आणि याचं एक उदाहरण मला नेहमी टोचतं. बॅनबरी ते बकिंगहॅम असा एक छोटा मार्ग होता, १९५६ मध्ये तिथे वाफेच्या जागी डर्बी लाइटवेटचे एकेकटे डबे लावले, खर्च खाली आला, लोक परत चढायला लागले, रेल्वेने कौतुकही केलं. आणि १९६० संपता संपता तो मार्ग तरीही बंद केला, कारण वाढून वाढून वाढले तरी हिशोब जुळेना. मग १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला, त्यात ५ हजार मैल मार्ग आणि २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस. सगळी बंद झाली नाहीत पण बरीच झाली. स्वस्त गाडी आली म्हणजे मार्ग वाचतो असं नसतं हे खरं, पण जे मार्ग शेवटच्या क्षणी कसेबसे तगले त्यांच्यावर पुढची वीस-तीस वर्षं रोज सकाळी शाळेची पोरं नेणारी गाडी बहुतेक वेळा अशीच एखादी डीएमयू होती, हेही खरं.

त्या बॅनबरीच्या दोन डब्यांपैकी एक, नंबर ७९९००, नंतर रेल्वेने तपासणीच्या कामाला घेतला, त्याला 'आयरिस' नाव पडलं, आणि तो आजही डर्बीशरमधल्या एक्लेसबोर्न व्हॅली रेल्वेवर जपलेला आहे. मार्ग गेला, डबा राहिला.

वीस-पंचवीस वर्षांसाठी बनवलेली गाडी ४७ वर्षं कशी चालली?

थोडं नशीब, थोडा हलगर्जीपणा, थोडी चांगली बांधणी. १९८० च्या दशकात नवीन गाड्या आल्या, पेसर आणि स्प्रिंटर, आणि पहिल्या पिढीच्या डीएमयू भराभर निघायला लागल्या. पण नव्या गाड्या कधीच पुरेशा नव्हत्या. इतक्या कंपन्यांच्या जुन्या गाड्यांतून कुठल्या ठेवायच्या हा प्रश्न आला तेव्हा मेट-कॅमची बॉडी त्यातल्या त्यात धड निघाली, संख्या मोठी म्हणून भंगारातल्या बहिणींचे सुटे भाग मिळत राहिले. मग १९९० च्या दशकात खासगीकरणाच्या गोंधळात नव्या ऑर्डरीच थांबल्या. त्यामुळे म्हातारी परत कामावर. आपल्याकडे घरातला जुना मिक्सर कसा, 'दिवाळीला नवीन आणू' म्हणत म्हणत पंधरा दिवाळ्या काढतो, तसंच.

अ‍ॅस्बेस्टॉसची भानगड काय होती?

त्या काळात थंडी आणि आवाज अडवायला डब्यांच्या भिंतींत अ‍ॅस्बेस्टॉस भरायचे, पहिल्या पिढीच्या पुष्कळ डीएमयूंत ते होतं. ते फुप्फुसाला घातक हे नंतर कळलं. मग काढायचं म्हणजे डबा बंदिस्त जागेत नेऊन, खास कपडे घालून, प्रचंड खर्च. बऱ्याच गाड्यांचं आयुष्य इंजिन खराब होऊन नाही, तर हा खर्च परवडेना म्हणून संपलं. ज्या साफ केल्या त्या टिकल्या.

शेवटची कधी धावली? तुम्ही बसलात का?

२४ डिसेंबर २००३ ला शेवटच्या गाड्या सेवेतून निघाल्या, नाताळच्या आदल्या दिवशी. शेवटचा तळ मँचेस्टरचा लाँगसाइट डेपो.

मी बसलो तो त्याच वर्षी, मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनवरून गाइड ब्रिज, हाइड करत रोझ हिलला जाणाऱ्या मार्गावर. पहिल्यांदा चढलो तेव्हा वाटलं चुकून म्युझियममध्ये शिरलो, कारण बाजूच्या प्लॅटफॉर्मवर सरकत्या दारांची चकचकीत गाडी उभी आणि ही बया आपटायच्या दारांची. पुढची सीट रिकामी होती. शेजारी एक आजोबा, हातात थर्मास, त्यांनी मला न विचारता सांगायला सुरुवात केली की आता तिसरा पडेल बघ, आता चौथा, आणि प्रत्येक वेळी बरोबर. परत येताना गाडी मध्येच अर्धा तास उभी राहिली, एक इंजिन गेलं होतं, गार्डने येऊन माफी मागितली, डब्यातलं कोणीही चिडलं नाही. आपल्या लोकलमध्ये हे झालं असतं तर! त्यानंतर मी तीन-चार वेळा फक्त बसण्यासाठी गेलो, रोझ हिलला उतरून करायला काहीच नसायचं, स्टेशनबाहेर एक चक्कर मारायची आणि त्याच गाडीने परत.

पेसर ही हिचीच पुढची पिढी ना?

काळाने हो, गुणाने वाद आहे. पेसरमध्ये तर बसचे नुसते पार्ट नाहीत, बॉडीच लेलँड नॅशनल बसवरून घेतलेली, आणि बोगी नाहीत, मालडब्यासारखी चारच चाकं. मेट-कॅमला बस म्हटलं तर पेसर म्हणजे बसची बस. वळणावर चाकं किंचाळायची. ती पण तात्पुरती म्हणून आली आणि २०२१ पर्यंत चालली. ब्रिटिशांचं 'तात्पुरतं' आपल्या 'तात्पुरत्या' इतकंच पक्कं असतं.

आणि हो, मेट-कॅम ही पहिल्या पिढीतली शेवटची जाणारी नव्हे. प्रेस्ड स्टील कंपनीने १९६० मध्ये बनवलेला एकट्या डब्याचा क्लास १२१, ज्याला 'बबल कार' म्हणतात, तो आयल्सबरी ते प्रिन्सेस रिसबरो या मार्गावर मे २०१७ पर्यंत प्रवासी नेत होता.

कारखान्याचं काय झालं?

मेट्रो-कॅमेल १९८९ मध्ये विकली गेली, फिरत फिरत अल्स्टॉमकडे आली. बर्मिंगहॅमच्या वॉशवुड हीथच्या कारखान्यात शेवटची मोठी ऑर्डर म्हणजे झुकून धावणाऱ्या पेंडोलिनो, त्या संपल्या आणि २००५ मध्ये कारखाना बंद.

आपल्याकडची डेमू म्हणजे हीच का?

नाव सारखं वाटतं पण आतून वेगळी. पुणे-दौंड मार्गावर जी डेमू धावली ती डिझेल-इलेक्ट्रिक, म्हणजे एक मोठं इंजिन वीज बनवतं आणि मोटर चाकं फिरवतात. गियर नाहीत. त्यामुळे तिच्यात बसून तिसरा कधी पडतो हे ऐकायचा प्रयत्न करू नका, मी करून बघितलाय, शेजारच्या काकूंनी विचारलं बरं वाटत नाहीये का.

आज बसायला मिळेल का?

मिळेल. ब्रिटनमधल्या हौशी लोकांच्या जपलेल्या मार्गांवर बऱ्याच आहेत. यॉर्कशरमधली नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वे, तिच्याकडे 'डेझी' नावाचा हिरवा सेट गेलेला. नॉर्थ नॉरफोक रेल्वे, मिड-नॉरफोक, आणि वर सांगितलेली एक्लेसबोर्न व्हॅली. वाफेचं इंजिन पेटवण्याइतकी गर्दी नसलेल्या दिवशी हे लोक डीएमयू काढतात, म्हणजे जी गाडी वाफेला हटवायला आणली ती आता वाफेची बदली म्हणून कामाला. जायच्या आधी त्या दिवशी डीएमयू आहे का हे वेळापत्रकात नीट बघून घ्या, नाहीतर पोचाल आणि समोर वाफेचं इंजिन फुसफुसत उभं, आणि बाकी सगळे खूश, तुम्ही एकटेच हिरमुसलेले.

चढताना पुढची सीट. आणि निघताना कोणत्या टोकाला ड्रायव्हर चढतोय ते आधी बघा, मी पहिल्याच वेळी घाईघाईत मागच्या टोकाची सीट पकडून बसलो होतो आणि अख्खा प्रवास मागे पळणारे रूळ बघत केला. तोही वाईट नव्हता.